वाचकांच्या शंका : कळ दाबली कधी, पोहोचली कधी

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे जवळजवळ एकाच विषयावरची निघाली, म्हणून ती एकत्र घेत आहोत. विषय आहे इर्सी या, केवळ अक्षरांच्या पडद्यावर चालणाऱ्या, गप्पांच्या प्रोग्रामचा. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की, आयआरसी ही सामूहिक गप्पांची पद्धत फिनलंडमधील ओउलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी १९८८ मध्ये सुरू केली आणि तिच्यासाठी टिमो सिराइनेन यांनी १९९९ मध्ये इर्सी लिहिला. त्याला माउस लागत नाही, चित्रे लागत नाहीत, आणि जुन्या संगणकावर व तुटपुंज्या रेंजवरही तो चालतो. आपल्या भागात त्याचे चाहते टिकून आहेत ते बहुधा याच कारणाने.

आज्ञा येथे देवनागरीत छापल्या आहेत. त्या संगणकावर देताना रोमन लिपीतील लहान अक्षरे व इंग्रजी अंक (1, 2, 3 असे) वापरावेत आणि शब्दांमधील खालची रेघ जशीच्या तशी ठेवावी. 'एमसेक्स' हे एकक एम, एस, ई, सी, एस अशा पाच अक्षरांनी लिहायचे. त्याचा अर्थ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.

शंका पहिली (खानापूर तालुक्यातून, जांबोटीच्या बाजूच्या एका वाचकाकडून)

सप्रेम नमस्कार. मी मुक्त सॉफ्टवेअरच्या मराठी अनुवादाचे काम फावल्या वेळात करतो आणि सहकाऱ्यांशी बोलण्यासाठी इर्सी वापरतो. प्रोग्राम भाड्याच्या सर्व्हरवर टीमक्समध्ये (जोडणी तुटली तरी प्रोग्राम चालू ठेवणाऱ्या साधनात) सतत चालू असतो आणि मी घरून मोबाइलच्या इंटरनेटवर एसएसएचने, म्हणजे दूरच्या संगणकावर काम करण्याच्या सुरक्षित जोडणीने, त्याला जोडून घेतो. पावसाळ्यात आमच्याकडे रेंजचा भरवसा नसतो. लिहिता लिहिता अक्षरे उमटायची थांबतात, मी तसाच लिहीत राहतो, आणि मग सगळे एकदम उमटते. अशा वेळी कधी टॅब दाबूनही समोरच्याचे नाव पूर्ण होत नाही, तर कधी 'इतक्या ओळी पेस्ट करायच्या का?' असे प्रोग्राम विचारतो, आणि मी तर काहीच पेस्ट केलेले नसते. पेस्ट ओळखण्याची वेळ फार कमी असल्यामुळे असे होते, ती वाढवा, असे एका मित्राने सांगितले, म्हणून मी '/सेट पेस्ट_डिटेक्ट_टाइम ५००' अशी आज्ञा दिली. तेव्हापासून बाणाची कळ दाबली की कीबोर्ड मेल्यासारखा होतो. प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू केला तर पहिला बाण दाबेपर्यंत ठीक चालतो. माझे काय चुकले?

उत्तर

आधी आपला कीबोर्ड जिवंत करू, कारणे मागाहून पाहू. इर्सीमध्ये कालावधीच्या आकड्यापुढे एकक लिहिले नाही, तर तो आकडा सेकंदांचा धरला जातो. आपल्या मनात ५०० मिलिसेकंद होते, परंतु प्रोग्रामने ५०० सेकंद, म्हणजे सव्वाआठ मिनिटांहून अधिक वेळ, अशी नोंद करून ठेवली. बंद होताना इर्सी आपली सेटिंग्ज स्वतःच जतन करतो, त्यामुळे पुन्हा सुरू करूनही हा आकडा पुसला गेला नाही. आता प्रोग्राम नव्याने सुरू करावा, बाणाची कळ अजिबात दाबू नये, आणि '/सेट पेस्ट_डिटेक्ट_टाइम ५एमसेक्स' ही आज्ञा एकेक अक्षर सावकाश दाबून द्यावी. ती कुठून तरी उचलून पेस्ट करू नये, कारण पेस्ट केलेला मजकूर त्याच सव्वाआठ मिनिटांच्या रांगेत जाऊन बसेल. रेंज वाईट असल्यामुळे सावकाश दाबलेली अक्षरेही गठ्ठ्याने पोहोचत असतील, तर इर्सी पूर्ण बंद करावा आणि '.इर्सी' या फोल्डरमधील 'कॉन्फिग' नावाची फाइल साध्या संपादकात उघडून तिच्यातील हाच आकडा दुरुस्त करावा.

बाण दाबल्यावरच का अडते, हे पाहण्यासारखे आहे. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा लिहिण्याच्या अक्षरी खिडकीत, 'कॅट -व्ही' असे लिहून एंटर दाबा आणि मग वरच्या दिशेचा बाण दाबा. पडद्यावर एक टोपीचे चिन्ह, पाठोपाठ दोन चौकोनी कंस आणि शेवटी रोमन मोठा ए उमटेल. टोपी आणि पहिला कंस ही मिळून एस्केप या एका अदृश्य अक्षराची खूण आहे. म्हणजे आपण दाबलेली कळ एक असली, तरी प्रोग्रामकडे एस्केप, चौकोनी कंस आणि ए अशी तीन अक्षरे एकापाठोपाठ एक, क्षणार्धात गेली. इर्सीचा नियम असा आहे की, तीन किंवा अधिक अक्षरे एकत्र हाती आली, तर ती पेस्ट केलेली असू शकतात असे समजून तो लगेच काही करत नाही. ठरवून दिलेल्या वेळेपर्यंत आणखी काही येते का याची तो वाट पाहतो, आणि त्या वेळात काही आलेच, तर ते त्याच रांगेत घालून घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू करतो. आपल्या बाणाने तीन अक्षरे रांगेत बसली, ५०० सेकंदांचे घड्याळ सुरू झाले, आणि नंतर आपण वैतागून दाबलेल्या प्रत्येक कळीने ते पुन्हा मागे गेले. न वैतागता सव्वाआठ मिनिटे हात बांधून बसला असता, तर बाण चालला असता.

एकक लिहून नेमके ५०० मिलिसेकंद दिले असते तरी फारसे साधले नसते, कारण मित्राचा सल्ला मुळात उलट्या दिशेचा आहे. ही वेळ जितकी मोठी, तितका जास्त मजकूर पेस्टमध्ये गणला जातो. प्रोग्रामसोबत येणारे मूल्य ५ मिलिसेकंदांचे आहे आणि ते विचार करून ठेवलेले आहे. टायपिंगच्या परीक्षेतील मिनिटाला ३० शब्दांचा वेग घ्या. शब्दाला पाच कळा धरल्या, तर दोन कळांमध्ये ४०० मिलिसेकंदांचे अंतर पडते. याच्या दुप्पट वेगाने लिहिणाराही २०० मिलिसेकंदांवर असतो. पेस्ट केलेली अक्षरे मात्र एकाच दमात येतात. माणूस आणि पेस्ट यांच्यामध्ये एवढे मोठे मोकळे मैदान असताना, ५ मिलिसेकंदांवर कुंपण घातले की कोणाच्या पायात येत नाही. ते ५०० वर नेले की माणसाच्याच अंगणात आले. बाणाची कळ दाबून धरली की सेकंदाला पंचवीस-तीस वेळा तिची पुनरावृत्ती होते, म्हणजे दोन पुनरावृत्तींमध्ये साधारण ४० मिलिसेकंद जातात. घड्याळ त्याहून मोठे असले, तर कर्सर जागचा हलत नाही आणि कळ सोडल्यावर एकदम उडी मारतो.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. प्रोग्राम वेळ मोजतो ती अक्षर त्याच्यापाशी पोहोचल्याची. आपण कळ केव्हा दाबली हे त्याला कळण्याचा मार्गच नाही, कारण तो जांबोटीत नसून दूरच्या सर्व्हरवर आहे. एसएसएचमध्ये दाबलेली प्रत्येक कळ बहुधा स्वतंत्र पाकिटात घालून पाठवली जाते. त्यातले एक पाकीट रेंजअभावी हरवले, तर मागची पाकिटे पोहोचली तरी ती प्रोग्रामच्या हाती दिली जात नाहीत. हरवलेले पाकीट पुन्हा पाठवले जाऊन पोहोचेपर्यंत सगळ्यांना थांबावे लागते, कारण क्रम बिघडू द्यायचा नाही हा टीसीपीचा, म्हणजे इंटरनेटवर पाकिटे पोहोचवण्याच्या पद्धतीचा, नियमच आहे. पुन्हा पाठवण्याआधी थांबण्याची मुदतही प्रत्येक अपयशानंतर दुप्पट होत जाते, म्हणून दोन सेकंद गेलेली रेंज कधी चार-सहा सेकंदांची वाटते.

बेळगावात टिळकवाडीचे रेल्वे गेट पडल्यावर जे होते तेच इथे होते. स्कूटर, रिक्षा, भाजीची टेम्पो एकेक करून, आपापल्या वेळेला येऊन थांबलेल्या असतात. परंतु गेट उघडल्यावर पलीकडे उभ्या असलेल्या माणसाला दिसतो तो एकच लोंढा. ही वाहने दहा मिनिटांत एकेक करून आली की सगळी मिळून मिरवणुकीने आली, हे त्याला केवळ लोंढा पाहून सांगता येणार नाही. आपण आंधळेपणाने लिहिलेल्या ओळी अशाच एकदम प्रोग्रामपुढे उभ्या राहतात, आणि त्यांत पाच किंवा अधिक वेळा एंटर असला, की प्रोग्राम परवानगी मागतो. कंट्रोल आणि के दाबले की ओळी जातात, कंट्रोल आणि सी दाबले की रद्द होतात. पाचाचा हा आकडा 'पेस्ट_व्हेरिफाय_लाइन_काउंट' या सेटिंगमध्ये असतो. टॅबचे कोडेही यातच सुटते. लोंढ्यात एंटर असला की सगळा मजकूर पेस्ट मानला जातो, आणि पेस्टमधला टॅब हा नाव पूर्ण करण्याची आज्ञा न राहता साधे अक्षर होतो.

तेव्हा वेळेवरून ओळखण्याचा हा प्रकार आपण बंदच करावा, असे माझे मत आहे. '/सेट पेस्ट_डिटेक्ट_टाइम ०' अशी आज्ञा दिली की घड्याळ थांबते. शून्याला एकक नसले तरी चालते. त्याच्या जोडीला '/सेट पेस्ट_यूज_ब्रॅकेटेड_मोड ऑन' ही आज्ञा द्यावी. या पद्धतीत आपल्यासमोरचे टर्मिनल खऱ्याखुऱ्या पेस्टच्या आधी आणि नंतर एक ठरलेली खूण घालते, पुढे २०० आणि मागे २०१ हा आकडा असलेली. कळ दाबली की पेस्ट केले, हे टर्मिनलला पक्के माहीत असते, कारण ते आपल्या घरातच आहे. खूण मजकुराबरोबरच प्रवास करते, त्यामुळे वाटेत कितीही खोळंबा झाला तरी तिचा अर्थ बदलत नाही. पाच ओळींची विचारणाही खऱ्या पेस्टपुरती तशीच चालू राहते, आणि ती राहू द्यावी. मी एकदा एका पतसंस्थेच्या हिशेबाचा साठेक ओळींचा तक्ता चुकून भर सभेत, म्हणजे सामूहिक गप्पांच्या खिडकीत, ओतला होता. तो आवरण्याआधीच सर्व्हरने मला बाहेर काढले, ही गोष्ट वेगळी.

आपण टीमक्स वापरता म्हणून आणखी एक. त्यालाही असेच स्वतःचे घड्याळ आहे, 'अझ्यूम-पेस्ट-टाइम' नावाचे, मूळ मूल्य १ मिलिसेकंद. अक्षरे याहून जलद आली तर ती पेस्ट समजून टीमक्स आपल्या खास कळांकडे लक्ष देत नाही, आणि मग रेंज परत आल्यावर कंट्रोल-बी दाबूनही खिडकी बदलत नाही. टीमक्सच्या सेटिंगच्या फाइलमध्ये 'सेट -जी अझ्यूम-पेस्ट-टाइम ०' अशी ओळ घातली की हेही घड्याळ थांबते. आणि अक्षरे थांबली असताना तेच शब्द पुन्हा दाबू नयेत. जोडणी तुटलेली नसेल तर एकही अक्षर हरवत नाही. दोनदा दाबाल तर दोनदा जाईल.

शंका दुसरी (बेळगाव, अनगोळ येथील एका विद्यार्थिनीकडून)

महोदय, मला व्हिम संपादकाची सवय असल्यामुळे इर्सीतही नकळत एस्केप दाबला जातो. त्यानंतर मी 'आप्पे केले' असे रोमन अक्षरांत लिहायला जाते, तर पहिला ए गायब होतो आणि पडद्यावर भलतीच सभा उघडते. मध्ये दोन मिनिटे गेली तरी हेच होते. ही चूक प्रोग्रामची आहे का?

उत्तर

चूक म्हणता येणार नाही. ऑल्ट धरून ए दाबले की बहुतेक टर्मिनल एस्केप आणि ए अशी दोन अक्षरे पाठवतात, म्हणून इर्सीच्या दृष्टीने आपला एस्केप व नंतरचा ए आणि ऑल्ट-ए यांत फरक नाही. ऑल्ट-ए ही नवा संदेश आलेल्या सभेकडे नेणारी कळ आहे. दोन अक्षरांमध्ये किती वेळ गेलेला चालेल, हे 'की_टाइमआउट' या सेटिंगवर ठरते आणि तिचे मूळ मूल्य शून्य असते, ज्याचा अर्थ इथे 'कितीही वेळ थांबा' असा होतो. पहिल्या उत्तरात शून्याने घड्याळ बंद होऊन थांबणेच संपले आणि इथे शून्याने थांबणे अमर्याद झाले, ही विसंगती वाचताना खटकेल; परंतु दोन्हीकडे 'घड्याळ नाही' एवढाच त्याचा अर्थ आहे.

'/सेट की_टाइमआउट ७००एमसेक्स' असे केले, तर एस्केपनंतर तेवढ्या वेळात पुढचे अक्षर आले नाही की अर्धवट राहिलेली जोडी सोडून दिली जाते आणि आपला ए ओळीत जागच्या जागी उमटतो. आकडा फार खाली आणू नये. दूरच्या सर्व्हरवर काम करताना बाणाच्या कळीची तीन अक्षरे क्वचित दोन पाकिटांत विभागली जातात. मध्ये मुदत संपली, तर कर्सर सरकण्याऐवजी ओळीत कंस आणि ए अशी उरलेली दोन अक्षरे छापली जातात. तसे दिसू लागले तर आकडा वाढवावा. ज्यांच्या कीबोर्डवर ऑल्ट नीट चालत नाही आणि म्हणून जे मुद्दाम एस्केप दाबून मग अंक दाबतात, त्यांनी शून्यच ठेवलेले बरे.

आपण टीमक्समध्ये काम करत असाल तर आधी तिकडे पाहावे लागेल. तिथे 'एस्केप-टाइम' नावाची वेगळी मुदत आहे. जुन्या आवृत्त्यांत ती ५०० मिलिसेकंद होती, ३.५ या आवृत्तीपासून १० झाली. जुन्या टीमक्समध्ये एस्केपनंतर अर्ध्या सेकंदात ए दाबला, तर टीमक्सच दोघांची मोट बांधून पुढे देतो, मग आत इर्सीची मुदत कितीही कमी असली तरी तिचा उपयोग होत नाही. 'सेट -एस एस्केप-टाइम २०' ही ओळ पुरेशी आहे. व्हिममध्ये एस्केप दाबल्यावर जो रेंगाळ जाणवतो, तोही बहुतेक वेळा यानेच जातो, हा वरकड फायदा.

शंका तिसरी (निपाणीच्या एका शिक्षकांकडून)

स. न. वि. वि. मी इनस्क्रिप्ट कीबोर्डवर मराठी आणि कन्नड दोन्ही लिहितो. इर्सीमध्ये मराठी लिहिताना इतर अक्षरे तत्काळ उमटतात, परंतु ज्ञ, क्ष, त्र आणि श्र ही चारच अक्षरे ठळकपणे उशिरा येतात. कन्नडमध्येही क्ष लिहिताना तोच अनुभव येतो. फॉन्ट बदलून पाहिला, उपयोग झाला नाही. पेस्ट ओळखण्याची वेळ मी पूर्वी कधीतरी ३००एमसेक्स ठेवली होती. तिचा याच्याशी संबंध असेल का?

उत्तर

पूर्ण संबंध आहे, आणि फॉन्टला उगाच बोल लागला. आपण नेमकी चारच अक्षरे टिपलीत म्हणून कारण शोधायला वेळ लागला नाही. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टसह ५, ६, ७ आणि ८ या अंकांच्या कळांवर अनुक्रमे ज्ञ, त्र, क्ष आणि श्र ही जोडाक्षरे तयार ठेवलेली आहेत. डोळ्यांना ज्ञ हे एक अक्षर दिसते, परंतु संगणकाच्या लेखी ते ज, हलन्त आणि ञ असे तीन घटक असतात आणि त्या एका कळीने तिन्ही एकदम बाहेर पडतात. तीन अक्षरे एकत्र आली की इर्सी घड्याळ लावून थांबतो, हे पहिल्या उत्तरात आलेच आहे. आपले ज्ञ म्हणून ३०० मिलिसेकंद दारात ताटकळते. क किंवा म यांचा घटक एकच असल्याने ते थेट आत जातात. क, हलन्त आणि ष अशा तीन कळा वेगवेगळ्या दाबून क्ष लिहून पाहा, उशीर होणार नाही. कन्नडची रचनाही अशीच असल्याने आणि इनस्क्रिप्टमध्ये दोन्ही लिप्यांचा क एकाच कळीवर असल्याने तिथेही तेच घडते. सीमाभागात राहणाऱ्याला ही एका बोटाने दोन लिप्या लिहिण्याची सोय किती उपयोगाची आहे, हे आपल्याला सांगायला नको.

मूल्य पुन्हा ५एमसेक्स करावे. रोमन अक्षरांत लिहून मराठी उमटवणारी साधने वापरणाऱ्यांनाही हाच सल्ला, कारण त्यांतली बरीच साधने पूर्ण शब्द तयार झाल्यावर तो एकदम सोडतात, आणि मोठे मूल्य ठेवले तर प्रत्येक शब्द त्यांना अडखळत आल्यासारखा वाटेल. शब्दापाठोपाठ लगेच एंटर दाबला तर त्या ओळीला पेस्ट समजले जाईल, हे वेगळेच.

आपण पत्रात विचारलेले नाही, तरी मराठी लिहिणाऱ्यास पुढेमागे हे भेटतेच. आयआरसीमध्ये एका संदेशाची मर्यादा शेवटच्या खुणांसह ५१२ बाइटची आहे. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरी आणि कन्नड या दोन्ही लिप्यांत प्रत्येक घटकाला तीन. 'विज्ञान' या शब्दात सात घटक आहेत, म्हणजे २१ बाइट झाले. वरचा पत्ता वगैरे वजा जाता सुमारे दीडशे घटकांतच ओळ भरते, आणि एक परिच्छेद पाठवला की त्याचे चार-पाच तुकडे होतात. हे तुकडे पाठवण्याचा वेग हीदेखील सेटिंगच आहे: इर्सी आधी पाच आज्ञा एकदम सोडतो आणि त्यानंतरची प्रत्येक २२०० मिलिसेकंदांच्या अंतराने. आयआरसीच्या १९९३ सालच्या नियमावलीत प्रत्येक संदेशामागे दोन सेकंद मोजण्याची आणि दहा सेकंदांपर्यंत उसनवार देण्याची पद्धत सांगितली आहे, तिच्याशी हे आकडे जुळतात. त्यांना हात लावू नये. कीबोर्डकडून आत येणाऱ्या अक्षरांचे घड्याळ आपले आहे, त्यात हवा तो बदल करावा. बाहेर जाणाऱ्या ओळींचे घड्याळ सर्व्हरच्या सहनशक्तीवर बेतलेले आहे.

शंका चौथी (बेळगाव, वडगाव येथील एका वाचक भगिनीकडून)

आमचे अप्पा पूर्वी यंत्रमागावर काम करत. आता त्यांचा हात कापतो, पण माझ्या भावाशी ते रोज इर्सीवरच बोलतात, मोठी अक्षरे आणि काळा पडदा त्यांना सोयीचा पडतो. कळ दाबली की एकाऐवजी दोन-तीन अक्षरे उमटतात. इर्सीत यासाठी कोणती वेळ बदलावी?

उत्तर

इर्सीत अशी सेटिंग नाही आणि असूही शकत नाही. टर्मिनल त्याच्याकडे फक्त अक्षरे पाठवते. कळ केव्हा खाली गेली, किती वेळ दाबलेली होती आणि केव्हा सुटली, यातले काहीच त्याच्यापर्यंत येत नाही. अप्पांचे जादा अक्षर आणि मुद्दाम दोनदा दाबलेले अक्षर त्याला सारखेच दिसते. इलाज संगणकाच्या प्रणालीतच करावा लागेल.

आधी दोन गोष्टींतली नेमकी कोणती होते हे शेजारी बसून पाहावे. बोट कळीवर रेंगाळून अक्षरांची माळ लागत असेल, तर पुनरावृत्ती सुरू होण्याआधीचा विलंब वाढवावा. लिनक्सवर जुन्या एक्स पद्धतीचा पडदा असल्यास 'एक्ससेट आर रेट ८०० १०' या आज्ञेने कळ ८०० मिलिसेकंद धरून ठेवेपर्यंत दुसरे अक्षर येत नाही. पुनरावृत्ती पूर्ण बंदही करता येते, परंतु मग मजकूर खोडताना बॅकस्पेस दरवेळी नव्याने दाबावी लागेल, आणि कापऱ्या हाताला ते जास्त जाचक होते. बोट उचलताना कळीला पुन्हा धक्का लागून दोनदा उमटत असेल, तर 'बाउन्स कीज' ही सोय हवी. ती एकदा दाबलेली कळ ठरलेल्या वेळात पुन्हा दाबली गेल्यास तिकडे दुर्लक्ष करते. लिनक्सवर ती अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या टायपिंग विभागात असते. विंडोजमध्ये 'फिल्टर कीज' या नावाखाली दोन्ही सोयी आहेत, आणि तिथे उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून धरली की त्या सुरू करण्याविषयी विचारले जाते. अप्पांचा हात त्या कळीवर टेकण्याची सवय असेल, तर ही आठ सेकंदांची युक्ती मात्र आधी बंद करून ठेवा.

बाउन्स कीजची वेळ सुरुवातीला ३०० मिलिसेकंदांच्या आसपास ठेवून अप्पांना 'अण्णा' आणि 'मम्मी' हे शब्द रोमन अक्षरांत लिहायला सांगा. जोडीतला दुसरा एन किंवा एम गळू लागला तर वेळ थोडी थोडी कमी करत यावे, आणि तो उमटू लागेल तिथे थांबावे.